पाच नंबरचा बिल्ला

ब्रामहोर्स्टची कोळशाची खाण बंद होऊन कितीतरी वर्षं लोटली होती, पण तिथल्या फुटबॉल क्लबने खाणीची एक रीत सोडली नव्हती. ड्रेसिंग रूममधून मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात भिंतीवर एक लाकडी फळी होती. फळीवर खिळे आणि खिळ्यांवर पितळी बिल्ले. मैदानात उतरताना प्रत्येक खेळाडू आपल्या नंबरचा बिल्ला उचलायचा, मोज्यात खोचायचा आणि परत आल्यावर स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवायचा. खाणीतही असंच चालत असे. पाळी संपल्यावर एखादा खिळा रिकामा दिसला, की एक माणूस अजून खाली आहे हे सगळ्यांना कळायचं. मग तो वर येईपर्यंत कोणी घरी जात नसे.

येन्स ओपालका हा क्लबचा पाच नंबरचा खेळाडू, बचावफळीच्या मधोमध खेळणारा. मिसरूड फुटलं तेव्हापासून इथेच खेळत होता. वर्तमानपत्रं त्याला ‘ब्रामहोर्स्टची भिंत’ म्हणायची. पाय काही त्याचे वेगवान नव्हते. पण त्याला चकवून पुढे निघालेला माणूस चार पावलांत अडखळायचा, चेंडू त्याच्या पायातून निसटायचा आणि मागून धावत आलेल्या येन्सला आयता मिळायचा. लोक म्हणत, काय याची नजर! येन्स ते नुसतं ऐकून घ्यायचा.

खरं काय ते त्यालाच ठाऊक होतं. मैदानात उतरलं की त्याच्या डाव्या खांद्यामागे कोणीतरी असायचं. छातीत शीळ वाजावी तसा त्याचा श्वास ऐकू यायचा. ओल्या दगडाचा वास यायचा. येन्सने मागे वळून कधी पाहिलं नाही.

हे सुरू झालं ते एका साध्या चुकीतून. पहिल्या सामन्याच्या दिवशी घाबरलेल्या येन्सने खिळ्यावरचा बिल्ला ओढून मोज्यात कोंबला. सामना जिंकून परत आल्यावर पाहतो तर मोज्यात दोन बिल्ले! एक नवा आणि त्याच्या मागे चिकटलेला एक काळवंडलेला जुना. तो विली ग्राबोशचा होता. ग्राबोश म्हणजे येन्सच्या आजोबांच्या काळातला पाच नंबर. सकाळी खाणीत आणि दुपारी मैदानावर, असा गडी. एका शनिवारी खाणीत दरड कोसळली आणि तो सामन्याला आलाच नाही. त्याचं प्रेत बाहेर काढल्यावर सोबत्यांनी त्याचा बिल्ला क्लबच्या फळीवर पाच नंबरच्या खिळ्याला अडकवला, म्हणजे विलीही वर आला असं धरलं जावं. मेलेल्याचा बिल्ला तेवढा दुसऱ्याने लावायचा. जिवंत माणसाचा त्याचा त्यानेच, हा नियमच होता.

येन्सने तो बिल्ला त्याच दिवशी परत लावायला हवा होता. पण पुढच्या सामन्यातही तो मोज्यात राहिला, आणि तोही सामना क्लबने जिंकला. मग मात्र तो काढायची त्याला भीती वाटू लागली. नव्या बिल्ल्यामागे जुना आहे की नाही हे पाहायला कोण जातंय?

आता मे महिना होता. मोसमातला शेवटचा सामना, आणि येन्सचाही. बरोबरी झाली तरी क्लब दुसऱ्या विभागात टिकणार होता, हरला तर खाली जाणार होता. येन्सचा गुडघा पार झिजला होता. पण त्याची झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणाने. आदल्या आठवड्यात, कॉर्नरच्या वेळी, खांद्यामागचा तो माणूस खोकला. बराच वेळ खोकत राहिला. आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलला.

“अजून किती, रे पोरा?”

ड्रेसिंग रूममध्ये आघाडीचा खेळाडू एर्कान गुडघ्याला पट्टी गुंडाळणाऱ्या येन्सकडे बघून म्हणाला, “काय रे म्हाताऱ्या, आज उतरणार आहेस की तुझी नुसती जर्सी पाठवू? तीही तुझ्याइतकीच पळेल.”

“तू गोल कर, मग बोल,” येन्स म्हणाला. “तुझ्या शेवटच्या गोलाला तर आता शाळेत घालायची वेळ आली.”

सगळे हसले. येन्सही हसला. मोज्यातला जुना बिल्ला नडगीला गार लागत होता.

पहिल्या अर्ध्यात एर्कानने खरंच गोल केला. दोनदा येन्स चकला, आणि दोन्ही वेळा समोरचा आघाडीवीर हवेला धडकल्यासारखा कोलमडला. दुसऱ्या वेळी मात्र येन्सला आपल्या मागे गुडघे टेकल्याचा आवाज आला. श्वास आता शिट्टी वाजवत नव्हता, घुसमटत होता.

मध्यंतराला बाकीचे आत गेले. येन्स बोगद्यातच थांबला. त्याने मोज्यातून जुना बिल्ला काढला आणि पाच नंबरच्या खिळ्याला अडकवला. पितळ लाकडावर टेकलं, तेवढाच आवाज झाला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “म्हणजे तुझ्याकडे होता तर.”

येन्स दचकला. पण हा आवाज जिवंत माणसाचा होता. कपडे-बूट सांभाळणारा ब्रुनो, ज्याला सगळा क्लब ‘ओपा’, म्हणजे आजोबा म्हणायचा, टॉवेलांचा ढीग घेऊन उभा होता.

“ओपा, चुकून आला होता माझ्याकडे.”

“पहिल्यांदा चुकून. नंतर?”

येन्स खाली वाकून मोजा वर ओढू लागला.

“विली माझ्या बापाचा सोबती होता,” ओपा हळूच म्हणाला. “माझा बाप मरेपर्यंत म्हणायचा, निदान विली वर तरी आला. आणि तू त्याला पुन्हा खाली नेलंस, पोरा.”

“आता लावला ना?”

“लावलास. आता जा, खेळ. आणि स्वतःचा विसरू नकोस.”

दुसऱ्या अर्ध्यात येन्सच्या खांद्यामागे कोणी नव्हतं. वास नाही, श्वास नाही. एवढ्या गर्दीत त्याला उघड्यावर पडल्यासारखं वाटलं. चकवून गेलेला माणूस आता खरंच पुढे जात होता. समोरच्यांनी एक गोल केला, बरोबरी झाली. आणि अगदी शेवटी त्यांचा आघाडीवीर पुन्हा सुटला. येन्स त्याच्या मागे धावला, आयुष्यात कधी धावला नव्हता तसा. त्याने अंग झोकून दिलं. चेंडू बाहेर गेला आणि त्याच्या गुडघ्यात काहीतरी तुटलं.

क्लब टिकला. लोक मैदानात धावत आले. येन्सला स्ट्रेचरवरून बोगद्यातल्या फळीसमोरूनच रुग्णवाहिकेत नेलं. अर्धवट शुद्धीत तो फळीकडे हात पुढे करत होता, पण त्या गोंधळात कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि विलीचा बिल्ला असल्याने पाच नंबरचा खिळा रिकामाही दिसला नाही. रुग्णालयात मोजा कापला तेव्हा आत बिल्ला नव्हता.

ऑगस्टमध्ये नवा मोसम सुरू झाला. पहिल्या शनिवारी येन्स घरी आरामखुर्चीत बसला होता. पाय उशीवर, समोर कॉफी आणि आलूबुखारांचा केक. साडेतीन वाजले, सामना सुरू व्हायची वेळ झाली, आणि त्याची बायको सिल्के हातातला चमचा ठेवून त्याच्याकडे बघतच राहिली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. छाती भात्यासारखी चालली होती. पाय जागच्या जागी थरथरत होते.

“येन्स, काय होतंय?”

“काही नाही. डावीकडून येतोय तो.”

“कोण येतोय?”

त्याने ऐकलं नाही. सामना संपला त्या वेळी तो शांत झाला, आणि त्याच्या मोज्यांना ओल्या गवताचा हिरवा डाग होता. तो तर दिवसभर घराबाहेर पडला नव्हता.

दर शनिवारी हेच होऊ लागलं. डॉक्टरांना काही सापडेना. वर्तमानपत्रात छापून आलं की क्लबचा नवा पाच नंबर कोन्राड हा दुसरा ओपालकाच आहे. चकला तरी चेंडू जाऊ देत नाही. सिल्केने ते वाचून दाखवलं तेव्हा येन्सचा चेहरा पांढरा पडला. दिवसेंदिवस तो वाळत चालला. ऑक्टोबरमध्ये तो खोकू लागला.

मग एका शनिवारी दुपारी ओपा ब्रुनो दारात उभा राहिला. त्याच्या रुमालात मातीने माखलेला एक बिल्ला होता.

“गोलासमोरचं गवत बदलताना निघाला. मी लावला असता, पण तू अजून मेलेला नाहीस. ऊठ.”

“ओपा, तो कोन्राड अजून कच्चा आहे. मी नसलो तर...”

“विली नव्हता तेव्हा तुझं काय झालं?”

“गुडघा गेला!”

“पण चेंडू तूच काढलास. ऊठ म्हणतो ना. सिल्के, याच्या कुबड्या दे गं.”

ते पोचले तेव्हा सामना सुरू झाला होता. बोगद्यात कोणी नव्हतं. येन्स कुबड्यांवर फळीसमोर उभा होता, पण त्याचा ऊर धावणाऱ्यासारखा धपापत होता. बाहेरून गर्दीचा आवाज चढत चालला. कोणीतरी सुटलं होतं. येन्सला ते कानांनी नाही, पायांनी कळलं. त्याचा चांगला पाय आपोआप मैदानाकडे वळला. फक्त एवढा एकदाच अडवू, मग लावू, असं त्याच्या मनात आलं. आणि आपण पहिल्या मोसमातही अगदी हेच म्हणालो होतो, हेही आठवलं.

त्याने बिल्ला खिळ्याला अडकवला.

श्वास एकदम थांबला आणि मग सावकाश, साधा, स्वतःचा असा परत आला. बाहेर क्षणभर शांतता झाली. त्यानंतर पाहुण्या संघाचे लोक ओरडले. गोल झाला होता.

येन्सने डोळे मिटून घेतले. मग त्याला जाणवलं, की डावीकडून ओल्या दगडाचा वास येतोय. यावेळी खांद्यामागून नाही, शेजारून. दोन माणसं पाळी संपवून फळीसमोर उभी असावीत तसा. त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिकडे वळून पाहिलं.

तिथे फक्त ओपा होता, दोन पावलं दूर, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. आणि तो येन्सकडे नाही, येन्सच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत मान लववत होता.

“चला,” ओपा म्हणाला. “दोघंही आलात वर.”