वेणीची खोली

सभा सुरू व्हायच्या आधी दुभाषीबाईने बोटातली अंगठी काढली, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि दोन्ही रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. हात बोलायला लागले की त्यांच्यावर काही चमकू नये. लोक दागिना बघतात आणि वाक्य निसटतं. मग खांद्यावरून पुढे आलेली लांब वेणी तिने मागे टाकली आणि व्यासपीठाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

आमदारांच्या शेजारच्या खुर्चीत तिचा घरमालक बसला होता. सभागृह त्याचंच.

"काय पोरी, झाली का बांधाबांध?" तो वाकून गोड आवाजात म्हणाला.

"सोमवारपर्यंत मुदत आहे ना, काका."

"मुदत कसली, आपलेपणा आहे तो. तू आमची मुलगीच. म्हणून तर नोटीस-बिटीस काही काढली नाही."

काकांचा आपलेपणा असा नेहमी काकांनाच स्वस्त पडे. नोटीस काढली असती, तर तिला कोर्टाची पायरी चढता आली असती. मुलीला कोण नोटीस काढतं? मुलीला नुसतं सांगतात, की सोमवारी कुलूप बदलणार आहे. तिची आई त्याच भाड्याच्या खोलीत वारली. आईला ऐकू येत नसे, म्हणून दारावर थाप पडली की लुकलुकणारा दिवा त्या खोलीत अजून होता.

आमदारांना सांगावं, असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. एक तर कामावर असताना दुभाष्याला स्वतःचं गाऱ्हाणं नसतं. आणि दुसरं, ज्याच्या सभागृहात बोलायचं त्याच्याविरुद्ध आमदार कशाला बोलतील? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, तीही मांजराच्याच घरात बसून?

पहिली रांग बहिऱ्या मंडळींची. त्यांच्यात माणसाला नाव देण्याची रीत वेगळी आहे: नजरेत भरेल ती खूण, तेच नाव. खांद्यावरून हात खाली ओढून पीळ घातल्यासारखी बोटं फिरवली, की ती 'वेणी', म्हणजे दुभाषीबाई. नाकाचा शेंडा दोनदा चोळला, की ते आमदार. बोलताना अडले की ते खरंच नाक चोळत. गेली तीन वर्षं पहिली रांग त्यांच्या तोंडावर त्यांची यथेच्छ टवाळी करत आली होती. 'नाकवाल्याचा कोट बघ, धाकट्या भावाचा घालून आलाय.' आमदार त्या हातांकडे कौतुकाने बघत हसत. लोक लहान मुलांच्या नाचाकडे बघतात तसे. जरा जास्तच वेळ बघत, हे मात्र वेणीला आवडत नसे.

भाषण सुरू झालं.

"जमीन ज्याच्या नावावर, मदत त्याच्या खिशात, आणि राबणारा कोरडाच. हे मला मान्य नाही. जो कसतो, मदत त्याला मिळाली पाहिजे."

पहिल्या रांगेतली रोपवाली भाड्याच्या तुकड्यावर भाजीची रोपं वाढवून विकत असे. तिने शेजारणीला खुणेने सांगितलं, 'मागच्या वेळीही हेच म्हणाला. बियाणं तेच, उगवत काही नाही.'

"बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला बसवून त्यांचं बालपण फुकट घालवू नका. त्यांच्या भाषेत शिकवणारे शिक्षक द्या."

वेणीचे हात क्षणभर अडखळले. हे बरोबर होतं. आई आयुष्यभर हेच म्हणत आली होती. नेमकं बरोबर असल्यामुळेच तिचा संशय वाढला. राजकारणी माणूस एक खरं बोलला तर चुकून बोलला म्हणून सोडून देता येतं. लागोपाठ दोन बोलला, म्हणजे त्याने काहीतरी विकायला आणलंय.

"आणि भाडेकरूचं ऐकून न घेता त्याला घराबाहेर काढता येणार नाही, असा कायदा मी आणणार आहे."

पहिली टाळी काकांनी वाजवली. दुभाष्याचा नियम असा, की बोलणाऱ्याचा 'मी' तो आपला 'मी', आणि तोंडातलं असो की हातातलं, काही गाळायचं नाही. तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि 'मी आणणार आहे' असं हातांनी सांगितलं.

प्रश्नांची वेळ आली तशी रोपवाली उठली. तिचे हात ठसठशीत, कुदळीचे घाव घातल्यासारखे.

'वेणीची खोली सोमवारी जाणार. तुझ्या शेजारी बसलाय तोच तिला काढतोय. तुझा कायदा तोवर येतोय का?'

सगळ्या सभागृहाची नजर वेणीच्या तोंडाकडे लागली. गाळायचं नाही. पण हे तिने कसं म्हणायचं?

"एका बाईची खोली..." ती म्हणाली. मग पुन्हा सुरुवात केली. "एका बाईची खोली सोमवारी जाणार आहे. तिला काढणारे तुमच्या शेजारी बसलेत. तुमचा कायदा तोवर येतोय का?"

काका आधी हसले, मग हसायचे थांबले.

"कोण बाई?" काकांनी विचारलं.

तिने तेही हातांनी विचारलं. रोपवालीने सरळ तिच्याकडे बोट केलं.

सभागृहात कुजबुज उठली.

"वा गं पोरी!" काका मोठ्याने म्हणाले. "साहेब, लक्षात आलं ना? हातही हिचे आणि तोंडही हिचंच. त्या बिचारीने भाजीचा भाव विचारला असेल, आपल्याला काय कळतंय? हिने त्यात आपलंच घोडं दामटलं."

काही जण हसले. वेणीचा चेहरा उतरला. तिच्या बाजूने साक्ष देऊ शकणाऱ्या सगळ्यांची साक्ष तिच्याच तोंडून यायची होती.

आमदारांनी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला.

"बदल केलाय खरा तिने," ते म्हणाले.

"बघा!"

"प्रश्न विचारणाऱ्या 'एक बाई' म्हणाल्या नाहीत." आमदारांनी उजवा हात खांद्यावरून खाली ओढला आणि हलकेच पीळ घातला. "असं म्हणाल्या. बाकी सगळं बरोबर आहे."

पहिल्या रांगेतले सगळे हात एकदम मांडीवर जाऊन बसले. कोटाबद्दल बोलणारा तर खुर्चीखाली काहीतरी शोधायला लागला. वेणी मात्र त्या हाताकडेच बघत राहिली. ती वळणं शाळेतली नव्हती. जुनी, घरगुती होती. स्वयंपाकघरात बहिऱ्या आईच्या पायांत घुटमळत शिकलेली. तिची स्वतःचीही तशीच होती. आणि या माणसाने तीन वर्षं ती खिशात ठेवली होती. जो एवढं लपवतो, तो आणखी काय काय लपवत असेल?

"साहेब, तुम्ही..." काका खुर्चीत मागे सरकले.

"गैरसमज नको," आमदार माईककडे वळून गुळगुळीत आवाजात म्हणाले. "दोन्ही बाजू ऐकू. योग्य वेळी योग्य ती चौकशी होईल."

काकांचे खांदे सैल झाले. चौकशीची वेळ योग्य व्हायला किती अवकाश लागतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात टेबलाच्या कडेपाशी, काकांना कोटाची बाही आडवी येईल अशा बेताने, आमदारांचे हात हलले. खुणा छोट्या होत्या, फक्त पहिल्या रांगेपुरत्या. 'सोमवार. सकाळ. मी तिच्या दारात उभा राहीन.'

रोपवालीने भुवया उंचावून वेणीकडे पाहिलं: खरं काय मानायचं, तोंड की हात?

वेणीने ओठ ओले केले. तोंडातलं असो की हातातलं.

"सोमवारी सकाळी," ती भरल्या सभागृहाला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी तिच्या दारात उभा राहीन."

सगळे आमदारांकडे बघायला लागले. काकाही.

आमदारांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी नाक चोळलं. दोनदा.