तीन ठिपक्यांचा डायनॅमो

आमच्या डिझेलच्या ट्रकचे बोनेट उघडून मी आधी काय काय शिल्लक आहे ते मोजले. इंजेक्टर चार, तेलाचा पंप एक, पंख्याचा पट्टा जागेवर, बॅटरी एक, तिचे कप्पे सहा. डायनॅमोचा पट्टा लोंबत होता आणि त्याचे तीन बोल्ट खाली मातीत पडले होते. बॅटरी भरणारा डायनॅमोच नव्हता.

बॅटरी आधीच थकलेली. स्टार्टर दोनदा घुरघुरला आणि थांबला. कॉलेजातून आणलेल्या काचेच्या नळीने मी बॅटरीतल्या आम्लाची घनता पाहिली : १.१४०. भरलेल्या बॅटरीत ती १.२८० असते. तोवर अब्बांनी पुढून हँडल लावले होते. मी "थांबा" म्हणेपर्यंत इंजिनाने उलटा झटका दिला. अब्बांचे उजवे मनगट मोडले तो आवाज मला बोनेटच्या आड ऐकू आला.

घोडेगावच्या अड्ड्यावर कुंडलिक आपल्या पेट्रोलच्या गाडीला टेकून उभा होता.

"इब्राहिमभाई, हत्ती बसला जनू! चारा घाला की त्याला," तो म्हणाला. चारजण हसले. अब्बा मनगट छातीशी धरून खाली बसले होते.

ते हसू मी विसरलो नाही.

हिरड्याचा आडत्या गेणभाऊ याने अब्बांना आणि कुंडलिकला एकच अट घातली होती : "पाच दिसांत पाच खेपा पुण्याला. ज्याची पाचवी आधी पोचंल, अख्ख्या हंगामाचा हिरडा त्याचा." आमच्याकडे ती एकच गाडी होती, आणि आता ती चालवायला हात माझेच होते.

"बेटा," हाताला फळ्या बांधून पडलेले अब्बा म्हणाले, "उतारावर उभी कर. मग चावी कशाला लागते?"

बरोबर होते. पेट्रोलच्या गाडीला प्रत्येक स्फोटासाठी बॅटरीची ठिणगी लागते. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटते. एकदा चालू झाली की तिला विजेची गरज नाही. शाळेमागच्या उतारावरून मी गाडी सोडली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. ती धडधडली. दिवे नव्हते, म्हणून सूर्य मावळायच्या आत परत. हॉर्नऐवजी रबरी भोंपू. भवानी पेठेत उतार नव्हता, तिथे इंजिन चालू ठेवूनच हमालांनी पोती उतरवली.

चार दिवसांत चार खेपा झाल्या. कुंडलिकच्याही चार झाल्या. मला रोज उतारावरून सुटताना पाहून त्याचा चेहरा उतरायचा. जन्मभर पेट्रोलवर गाडी हाकलेल्या माणसाला हे कळणे अवघड होते.

चौथ्या संध्याकाळी त्याचा स्वतःचा डायनॅमो जळला.

पाचव्या सकाळी पोती भरून झाली. कुंडलिक बोनेटमध्ये वाकून पाना फिरवत होता.

"ये की हनीफ," तो हाक मारून म्हणाला. "तू शिकल्याला गडी. जुनाच घावला एक, बसीवलाय. तार नीट हाय का बघ."

मी वाकलो. डायनॅमोच्या कवचावर छिन्नीचे तीन ठिपके होते. ते अब्बांनी माझ्यासमोर मारले होते.

बोट दाखवले असते तर माणसे जमली असती आणि डायनॅमो तिथेच परत मिळाला असता. पण मला अब्बांचे मनगट आठवले. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. आमच्या गाडीत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, कुंडलिकच्या गाडीत ऋण. डायनॅमो विजेची आपली जुनी दिशा धरून ठेवतो. दुसऱ्या गाडीत बसवताना ती तारेच्या एका स्पर्शाने उलटवावी लागते. नाही उलटवली तर तो बॅटरी भरत नाही, उपसतो.

मी तार ओढून पाहिली.

"घट्ट आहे," मी म्हणालो.

"शाब्बास, राव!" त्याने गाडी चालू केली आणि माझ्या आधी निघाला.

मंचरच्या अलीकडे, सहाव्या मैलाच्या दगडापाशी तो रस्त्याच्या मधोमध हात हलवत उभा होता. बोनेटमधून जळक्या रबराचा धूर येत होता. मी इंजिन चालू ठेवून उतरलो.

"दोर टाक, भाऊ. मंचरपतोर वढ. तुज्या पाया पडतो."

मी तीन ठिपक्यांवर बोट ठेवले.

"तवाच वळीकलंस तू," तो हळू म्हणाला. "मंग बोलला का न्हाईस?"

"तुम्ही तार विचारली होती."

गाडीतून पाना आणून मी आमचा डायनॅमो सोडवला आणि माझ्या सीटखाली ठेवला. कुंडलिकने मला अडवले नाही. तो दगडावर बसून राहिला. जाण्याआधी मी काचेची नळी काढली आणि त्याच्या बॅटरीचे सहाही कप्पे एकेक करून तपासले.

घनता : १.११०, १.११०, १.१०५, १.११०, १.१०५, १.११०.