रुसव्यावर चालणारं नेट

आमच्याकडे नेट धड चालायचं ते फक्त सासूबाई रुसून राउटरशेजारच्या खुर्चीत बसल्या की. नुसत्या बसून भागायचं नाही, रुसवा खराच लागायचा. म्हणून माझी ऑफिसची मीटिंग असली की नवरा इमानेइतबारे आईच्या भाजीला नावं ठेवायचा. त्या तणतणत खुर्ची गाठायच्या आणि स्क्रीनवर गोठलेले माझे साहेब हलायला लागायचे. मीटिंग संपली की आम्ही दोघं त्यांची मनधरणी करायचो.

शेवटी कंपनीचा माणूस येऊन वायर बदलून गेला. नेट सुसाट. मग सासूबाईंच्या वाटेला कुणी फिरकलंच नाही.

काल ऐन मीटिंगमध्ये साहेब पुन्हा गोठले. मी चिडून बाहेर आले, तर सासूबाई खुर्चीत बसलेल्या आणि उपटलेली वायर त्यांच्या मांडीवर.

"भाजीत आज मीठच घातलं नाही," त्या म्हणाल्या. "कुणी काही बोलणार आहे का?"