तपासनीस आणि एक्केचाळीस हसरे चेहरे

मी सदाशिव पेठेतल्या एका खोलीत राहणारा जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. माझ्या काही कळांवरची अक्षरे बोटांनी पुसून नेली आहेत. दुपारी पडद्यातून ऊन सरकत माझ्यावर येते, तेव्हा माझा डोळा लागतो आणि आजवर माझ्यावरून गेलेले शब्द धुक्यातून चालणाऱ्या माणसांसारखे पुन्हा दिसू लागतात.

माझी पहिली वर्षे एका टंकलेखन वर्गात गेली. तिथली मुले माझ्यावर मराठी शिकली. वर्ग बंद पडला आणि मी तापकीर गल्लीतल्या एका दुकानात धूळ खात पडलो. तिथून अक्षताने मला उचलले. "याचा आवाज छान आहे," एवढेच ती म्हणाली, आणि मला पुन्हा जीव आल्यासारखे वाटले.

अक्षता नोकरी सांभाळून मराठी शुद्धलेखनाचा एक तपासनीस, म्हणजे चुका दाखवणारा संगणकाचा कार्यक्रम, बनवत होती. तो कुणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा, असा होता. दर रविवारी 'वाचक५६' नावाचे कुणीतरी चुकलेल्या शब्दांची यादी पाठवी. अक्षताने या माणसाला कधी पाहिले नव्हते. यादी आली की तिची बोटे माझ्यावर अलगद नाचत.

एके दिवशी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या, म्हणजे विकतचे सॉफ्टवेअर न वापरणाऱ्यांच्या, ऑनलाइन गटात भीमराव नावाच्या गृहस्थांनी लिहिले, "आपला तपासनीस मी विकतच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वापरतो. तिथे 'कुऱ्हाड' शब्दाखाली लाल रेघ येते. कृपया मार्गदर्शन करावे."

अक्षता हसली आणि माझ्यावर भराभर टंकू लागली. "काका, वाडा सावकाराचा आणि बाग आमची फुकटची? आधी ती सिस्टिम फेका, मग आमच्या दारात या."

गटात हशा उसळला, हसऱ्या चेहऱ्यांच्या चित्रांची रांग लागली. थोड्या वेळाने भीमरावांचे उत्तर आले. "क्षमस्व. चुकून आलो." आणि ते गट सोडून गेले.

मित्रांनो, तो टोमणा माझ्याच कळांवरून गेला होता. कीबोर्डला नाही म्हणता येत नाही.

पुढचा रविवार यादीविना गेला. त्याच्या पुढचाही. शेवटी अक्षताने वाचक५६ला विचारले, "बरे आहात ना?"

उत्तर आले, "ताई, सिस्टिम फेकून या म्हणालात. फेकण्याचा मला अधिकार नाही. संगणक वाचनालयाचा आहे. भीमराव."

तिची बोटे माझ्यावर तशीच थांबली. किती गार पडली होती ती!

तिने वाचनालयाचा पत्ता विचारून घेतला. शनिवारी सकाळी तिने मला पिशवीत घातले आणि स्कूटरवरून कोथरूडला नेले. 'कुऱ्हाड'चा तो बिघाड तिथेच बसून दुरुस्त करायचा होता आणि माझ्याशिवाय तिचा हात चालत नसे. बुद्धविहाराला लागून एक लहानसे वाचनालय होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले भीमराव तिथे पुस्तकांना कव्हरे घालत होते. संगणकापुढे कल्याणी नावाची मुलगी कानाला हेडफोन लावून बसली होती. तिला दिसत नव्हते. पडद्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवणारा कार्यक्रम त्या विकतच्या सिस्टिमवरच चाले.

"काका, माझं चुकलं," अक्षता म्हणाली.

"बसा. चहा घेणार?" भीमराव म्हणाले. "आणि माफी इथे नको. टोमणा चारचौघांत मारलात, माफीही तिथेच मागा."

कल्याणीने हेडफोन काढला. "ताई, त्या दिवशी गट मीच मोठ्याने लावला होता, काकांना ऐकवायला. तुमचं वाक्य संपलं आणि मशीन म्हणायला लागलं, 'हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा.' एक्केचाळीस वेळा. एकाच आवाजात. काका म्हणाले, बंद कर गं. मला लवकर बंदच करता येईना."

बाहेर कडुनिंबाची पाने हलकेच गळत होती. अक्षताने मला त्या संगणकाला जोडले. आधी तिने 'कुऱ्हाड' दुरुस्त केली. मग गटात लिहिले, "मी न विचारता हसले. ज्यांना हसले, त्यांनीच आपल्या तपासनिसातले दोन हजार शब्द सुधारले आहेत. ती सिस्टिम का वापरता, हे आधी विचारायला हवं होतं. माफ करा, भीमरावकाका."

लगेच कुणीतरी लिहिले, "फितूर झालीस की!" तिने सणसणीत उत्तर टंकले. मग क्षणभर थांबली, आणि एकेक अक्षर पुसत मागे आली. मी इतका हलका कधी झालो नव्हतो.

"गटात परत याल ना?" तिने निघताना विचारले.

"नाही," भीमराव म्हणाले. "तिथे माझं काही अडत नाही. यादी मात्र येईल."

दुसऱ्या दिवशी यादी आली.

मित्रांनो, आमची निगा राखा, धूळ झटका, चहा सांडू नका. पण त्याहून जपायचे आहे ते पलीकडचे माणूस. वाद जरूर घाला, मुद्दा ठासून मांडा. फक्त पाठवण्याआधी आपले वाक्य एकदा मोठ्याने वाचा. कुठेतरी, कुणाच्या तरी कानात, ते तसेच वाचले जाणार आहे.