पुलावर कोण थांबलं

आमच्या सरदार रेन्ये यांना लिहिता येत नसे. म्हणून धर्मयुद्धाची हकिगत ते बोलत आणि मी, त्यांच्या गढीतला पाद्री, उतरवून घेई. युद्ध त्यांनी केलं, पाठ माझी दुखायची.

हे काम दुपारच्या जेवणाबरोबर चाले. आमच्या शाम्पेन प्रांतात दोघांत मिळून शिळ्या पावाची एक जाड चकती ताट म्हणून वाढतात, पेलाही एकच. सरदारांच्या शेजारची जागा त्यांचा दोस्त आन्सो याची. तो इजिप्तहून परतला नव्हता, आणि सरदार तिथे दुसऱ्या कुणाला बसू देत नसत.

'पुलावर पहिल्याच बाणात आन्सो पडला,' असं मी लिहिलं, त्या दिवशी पावाची त्याची बाजू खाल्लेली निघाली. कडेला दातांचे ठसे होते, पुढचा एक दात सोडून. आन्सोचा तो दात गमतीच्या झुंजीत सरदारांनीच पाडला होता. ते न जेवता उठले.

मरण फारच स्वस्तात आटोपलं, असं त्यांना वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी हकिगतीत आन्सोला पुष्कळ बाण लागले. मग त्याने प्रार्थना म्हटली. मग मी पदरचे देवदूत घातले. दर नव्या मरणाला पाव जास्त संपू लागला, सरदारांच्या बाजूचासुद्धा. ते वाळत चालले. सरदारांच्या पत्नी एलिसांद बाईसाहेबांनी स्वयंपाक्याला झापलं, तर तो म्हणाला, ताटच खाऊन टाकतायत, आता टेबल तेवढं राहिलंय.

शेवटी सरदारांनी खरं काय ते सांगितलं. पूल अरुंद, मागे शत्रू. एकाने पूल अडवला तरच दुसरा सुटणार होता. आन्सो थांबला. तो मागून हाका मारत होता, यांनी घोडा वळवला नाही. मी तसंच लिहिलं. पेला आमच्यादेखत रिता झाला.

"खरं सांगितलं ना आता?" सरदार रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले. "आणखी काय हवंय तुला?"

आवाज आला. ओलसर होता, पण रागाचा नव्हता.

"रेन्या, खरं-खोटं तुझं तू बघ. मला रोज मारू नकोस रे. मेल्यावर फार भूक लागते. घरी आण मला."

सरदार माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "लिहा पाद्रीबाबा. आन्सो घरी आला."

मी हळूच आठवण करून दिली की, मग पूल कुणी अडवला तेही लिहावं लागेल.

"मी," सरदार म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी पावाचा मोठा तुकडा मोडला.

मी तो शब्द लिहून मान वर केली. बाकावर एकटाच माणूस होता. सरदारांचा झगा त्याला जरा आखूड होत होता. तो हसला, तेव्हा पुढचा दात नव्हता. बाईसाहेब आल्या आणि "अहो, मटण गार होतंय," म्हणून त्याच्या शेजारी बसल्या.

हे सरदार हकिगत फार छान सांगतात. नदीच्या गाळाखालून घोड्यांच्या टापा कशा दिसतात, हे आधीच्यांना सुचलं नसतं.

रविवारी मी रेन्येंच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणतो. परवा बाईसाहेबांनी विचारलं, हे कोण? म्हटलं, आपल्या हकिगतीत आहेत एक, पुलावर थांबलेले.

"चांगले गृहस्थ असणार," त्या म्हणाल्या.