डोरीनकाकूंच्या वाढदिवसाचा उतार

रात्रभर बर्फ पडला होता, वर पश्चिमेचा वारा. हा वारा म्हणजे महालबाड! डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलायचा आणि पलीकडे, नेमका लोकांच्या आवडत्या उतारावर नेऊन थापायचा. लूशाला ते खालूनच दिसलं. कड्यावर बर्फाची झालर लोंबत होती आणि खालचा उतार उशीसारखा फुगला होता. असा थापलेला बर्फ माणसाच्या वजनानंही सुटतो आणि अख्खा उतार घेऊन कोसळतो.

पण एलमरकाकांना सांगणार कोण? लहानपणी तिला स्कीवर उभं केलं ते त्यांनीच. आज डोरीनकाकूंचा वाढदिवस. काकू होत्या तोवर दोघं दरवर्षी या दिवशी इथं यायची. त्या गेल्यापासून काका लूशाला घेऊन येत. पुढच्या आठवड्यात काकांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरनं बजावलं होतं, यापुढे स्की विसरा. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

"थांब, खड्डा खणून बघू," म्हणत काका झाडीत शिरले. बर्फात खड्डा खणला, त्याच्या भिंतीत एक खांब कापला, वर फावडं ठेवून थापट्या मारल्या. आधी हलक्या, मग चांगल्या जोरात. खांब सरकला तर बर्फ कच्चा. पण तो ढिम्म हलला नाही.

"बघितलंस? दगड आहे दगड! चल."

लूशा जागची हलली नाही. झाडीत वारा शिरतच नाही, तिथला बर्फ कसला सुटतोय! वाऱ्यानं जिथं बर्फ थापलाय तसल्याच जागी खणायचं, हे काकांनीच शिकवलेलं. हवं ते उत्तर मिळेल तिथंच म्हातारा विचारायला गेला होता. तिला त्यांची फार माया आली.

त्यांच्या स्कीच्या मंडळींत एक रीत होती. डोंगरात कुणीही एकानं 'नाही' म्हटलं की सगळे परत. कारण विचारायचं नाही, मनधरणी करायची नाही.

"काका, माझ्याकडून नाही."

"अगं पोरी, खांब बघितलास ना?"

लूशा परतीच्या वाटेकडे वळली.

"पुढच्या वर्षी काय कुबड्या घेऊन येऊ?"

"नाही, काका."

दोनदा रीत मोडून झाली होती. तिसऱ्यांदा काका बोलले नाहीत. पाठ फिरवून सामान आवरू लागले. समोर उतार साळसूदासारखा चमकत होता. मेला कोसळला असता तर तिची तरी सुटका झाली असती. तिला रडूच कोसळलं.

काकांनी पिशवीतून बटाटा भरून भाजलेल्या पिराही काढल्या, काकू करायच्या तशाच, आणि एक तिच्या हातावर ठेवली.

"रागावलात?"

"रागावलोय तर! डोरीनवरसुद्धा रागवायचो. ऐन वाढदिवसाला इथवर आणायची आणि 'नाही' म्हणायची बया. एकदा नव्हे, कितीदा तरी! घरी पोचेपर्यंत मी तिच्याशी बोलायचो नाही."

"मला वाटायचं, तुम्ही दरवर्षी उतरायचात."

"दरवर्षी?" काकांनी दुखऱ्या खुब्यावर थाप मारली. "हा झिजेपर्यंत जगलो असतो का मग? खा आता."