पाणी नको असलेलं झुडूप

मित्रांनो, मी वाळवंटातलं एक काटेरी झुडूप आहे. सध्या मुक्काम एका शिंप्याच्या परसात. माणसांच्या वागण्याने मी इतका गोंधळलोय, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शिंप्याच्या मुलाला दुकानात बसायचं नव्हतं. वाळवंटात झाडं लावायच्या कामाला तो निघून गेला, तेव्हापासून बापाने बोलणं टाकलं. पहिल्या सुट्टीत मुलाने मला बरोबर आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावलं. माझी निगा कशी राखायची ते सांगायला गेला, तर बापाने शिलाई मशीनवरून मानच वर केली नाही. आई डोळे पुसत होती, तिच्या कानात काही शिरलं नाही. मुलगा तसाच परत गेला.

मग सुरू झाले माझे हाल! सकाळी आई यायची, "पी रे बाळा" म्हणत भांडंभर पाणी ओतायची. शिंपी चारचौघांत म्हणायचा, "उपटून फेका ते काटेरी भूत!" आणि बायकोची पाठ वळली, की गुपचूप बादली घेऊन हजर! हा माणूस माझा वैरी की जिवलग, काही उमजेना. माझी पानं पिवळी पडली. दोघं घाबरले आणि दोघांनीही पाणी वाढवलं. अरे देवा! मुळं कुजायला लागली, पण ओरडून सांगायला मला तोंड कुठे आहे?

एक दिवस वाळत घातलेल्या चादरीच्या एका बाजूने आई आली, दुसऱ्या बाजूने शिंपी. दोघांच्याही हातात पाणी.

"अहो, तुम्ही?"

"म्हणजे तूही घालतेस?" शिंप्याचा चेहरा पडला. "आपणच मारतोय की काय याला?"

"पोरालाच विचारा ना आता! किती ताणून धरायचं?"

शिंप्याने तिथेच उभं राहून मुलाला फोन लावला. घसा खाकरला. "मी बोलतोय. तुझं झाड पिवळं पडलंय. पाणी किती घालायचं?"

"घालूच नका, बाबा. पण पिवळं पडलंय ते तुम्हाला कसं कळलं?"

"रोज बघतो रे मी त्याला," शिंपी म्हणाला आणि ढसाढसा रडला.

मित्रांनो, कुणाला जीव लावाल, तर त्याला काय हवंय ते वेळेवर विचारा. आमची मुळं फार दिवस तग धरत नाहीत.

आता मला पाणी नाही. शिंपी मात्र रोज येतो, फोन कानाला लावून. "हां, आज नवीन पान फुटलंय बघ," असं मुलाला सांगतो. खरं तर अजून एकही फुटलेलं नाही. तो असं खोटं का बोलतो, मला काही कळत नाही. पण मी आपला जोर लावतोय.